प्रोटीन टार्गेटिंग शिकताना: आधी जेल, मग तक्ता

एमएस्सीच्या पहिल्या वर्षाला प्रोटीन टार्गेटिंगचा, म्हणजे प्रोटीन पेशीत आपापल्या जागी कसं पोहोचतं याचा, धडा आला की मुलं तक्ता पाठ करायला बसतात. प्रोटीनच्या साखळीच्या शेवटी केडीईएल ही अमिनो आम्लं असतील तर पत्ता ईआर (एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलम, पेशीतलं पटलांचं जाळं), एसकेएल असतील तर पेरॉक्सिझोम (पेशीतली एन्झाइमं भरलेली छोटी पिशवी). परीक्षेपर्यंत त्यातलं निम्मं उडालेलं असतं. मला हा विषय कळला आणि मनापासून आवडला तो एका जुन्या प्रयोगामुळे, म्हणून नव्यांना मी तिथूनच सुरुवात करायला सांगते.

१९७५ साली ग्युंटर ब्लोबेल आणि बर्नहार्ड डॉबरस्टाइन यांनी अँटिबॉडीची लाइट चेन (तिच्यातली लहान प्रोटीन साखळी) पेशीबाहेर, नळीत तयार करून घेतली. मिश्रणात पटल नसेल तर ही साखळी जरा लांब निघते. कुत्र्याच्या स्वादुपिंडातले मायक्रोझोम, म्हणजे ईआरच्या पटलाच्या पिशव्या, आधीपासून घातल्या तर जेलवर, म्हणजे प्रोटीन्स लांबीनुसार वेगळी करणाऱ्या पट्टीवर, तिचा बँड (पट्टा) थोडा खाली सरकतो, म्हणजे साखळी आखूड झालीय: सुरुवातीचा सिग्नल, म्हणजे पत्ता सांगणारा तुकडा, कापला गेलाय. त्यावर प्रोटीएज (प्रोटीन पचवणारं एन्झाइम) टाकलं तरी हा बँड टिकतो, कारण प्रोटीन पिशवीच्या आत आहे. डिटर्जंटने पिशवी फोडली की मात्र तेही पचतं. आणि मायक्रोझोम उशिरा, साखळी पूर्ण झाल्यावर घातले तर? बँड लांबच राहतो आणि प्रोटीएज त्याचा फडशा पाडतं. म्हणजे इथे आत शिरण्याचं काम साखळी बनत असतानाच व्हावं लागतं.

हा जेल वहीत स्वतः काढा. प्रत्येक लेनखाली (जेलवरच्या रांगेखाली) काय घातलं ते लिहा आणि बँड कुठे येईल ते उत्तर न बघता ठरवा. सीएसआयआर-नेट परीक्षेच्या पार्ट सीला अशाच विचाराची सवय लागते. मग मायटोकॉन्ड्रिया घ्या. तिथे बरीच प्रोटीन्स पूर्ण तयार झाल्यावर आत जातात. त्यांच्यासाठी लेन कशा बदलतील?

प्रोटीनला केंद्रकात नेणारा सिग्नल सहसा कापला जात नाही. पेशीविभाजनात केंद्रकाचं आवरण विरतं, प्रोटीन्स बाहेर विखुरतात आणि नंतर त्यांना पुन्हा आत जायचं असतं. एवढं कारण माहीत असलं की पाठांतराची गरजच पडत नाही.

सरावासाठी एक आजार देते. प्रायमरी हायपरऑक्झालुरिया प्रकार १ मध्ये काही रुग्णांच्या यकृतात एजीटी हे एन्झाइम पेरॉक्सिझोमऐवजी मायटोकॉन्ड्रियात जातं. तिथे ते काम करू शकतं, पण ज्यावर ते काम करतं ते ग्लायऑक्सिलेट पेरॉक्सिझोममध्ये पडून राहतं, त्याचं ऑक्झलेट होतं आणि मूत्रपिंडात खडे धरतात. पत्ता चुकलाय, एन्झाइम बंद पडलेलं नाही, हे तुम्ही कोणत्या प्रयोगाने दाखवाल? कंट्रोलसकट लिहून काढा.