टीबीच्या गोळ्या आणि तळव्यांची आग

टीबीचं औषध सुरू होऊन दोन महिने झाले होते. खोकला थांबला, वजन वाढलं, पण रात्री अंथरुणावर पडलं की तळव्यांना मुंग्या, मग आग. एकदा तर डाव्या पायातली चप्पल जिन्यातच राहिली आणि मला कळलं ते फाटकापाशी! अशक्तपणा असेल म्हणून मी आपलं खोबरेल चोळत बसलो.

डॉक्टरांनी कापसाचा बोळा तळव्यावरून फिरवला. बोटांपाशी काही जाणवेना. साखर तपासली, दारूचं विचारलं (घेत नाही, तरी बायकोकडे बघूनच उत्तर दिलं). दोष निघाला टीबीच्या गोळ्यांतल्या आयसोनियाझिडचा. या औषधामुळे शरीरातलं बी-६, म्हणजे पायरिडॉक्सिन, कमी पडतं. त्यासाठी रोज १० मिलिग्रॅमची गोळी दिलीही होती. 'नुसतं व्हिटॅमिन' म्हणून मीच ती टाळायचो. डोस १०० वर नेला. टीबीच्या गोळ्या मात्र एक दिवसही थांबवल्या नाहीत.

आग तीन आठवड्यांत ओसरली, बधिरपणाने अडीच महिने घेतले. मग डॉक्टरांनी पुन्हा १० वर आणलं. मेडिकलवाला म्हणत होता, '१०० चीच चालू ठेवा, व्हिटॅमिनच तर आहे.' पण बी-६ मोठ्या डोसात फार दिवस घेतलं तर त्यानेही नसा बिघडतात.