जुन्या वैद्यकीय पिचकाऱ्यांचा अभ्यास करताना या चुका टाळा

वीतभर लांबीची पितळी नळी, तिच्या दोन्ही अंगांना बोटे अडकवण्यासाठी एकेक कडी, दांड्याच्या टोकाला अंगठ्यासाठी तिसरी कडी आणि पुढे निमुळती होत गेलेली बोथट तोटी, अशी वस्तू जुन्या दवाखान्याच्या सामानात सापडली की पाहणारा हमखास म्हणतो, ‘हे जुन्या काळचे इंजेक्शन दिसते.’ ते इंजेक्शन नसते. ती कान धुण्याची पिचकारी असते, आणि कान, जखम, मूत्रमार्ग, अश्रुमार्ग किंवा मोठे आतडे धुण्यासाठी घडवलेल्या उपकरणांच्या फार मोठ्या कुळातली ती एक असते. या कुळाचा अभ्यास करणारे विद्यार्थी, संग्राहक, प्रदर्शनासाठी प्रतिकृती घडवणारे कारागीर आणि लेख लिहिणारे वैद्य यांच्याकडून त्याच त्या चुका होताना मी पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या काही माझ्याही हातून झाल्या आहेत. म्हणून त्या येथे कारणांसह मांडत आहे.

पहिली आणि मुळाशी असलेली चूक म्हणजे धुण्याच्या पिचकारीला त्वचेखाली औषध टोचण्याच्या सिरिंजचे कच्चे रूप समजणे. पोकळ सुई आणि सिरिंज यांचा मेळ स्कॉटलंडमध्ये अलेक्झांडर वुड यांनी आणि फ्रान्समध्ये शार्ल प्रावाझ यांनी १८५३ साली घातला. पण नळी, तिच्यात घट्ट बसणारा दट्ट्या आणि पुढची बारीक तोटी ही रचना अलेक्झांड्रियाच्या हेरॉनने इसवी सनाच्या पहिल्या शतकातच वर्णन केलेली आहे. पू ओढून काढणे आणि द्रव आत सोडणे ही दोन्ही कामे तिने होत असत. त्याच शतकातल्या रोमच्या सेल्ससने कानात द्रव सोडण्याच्या पिचकारीचा वेगळा उल्लेख केला आहे. म्हणजे धुण्याची पिचकारी ही अपुरी राहिलेली सुई नव्हे. तिचे काम वेगळे आहे आणि त्या कामापुरती ती पूर्ण आहे. प्रावाझच्या सिरिंजचा दट्ट्या पेच फिरवून पुढे सरकतो, कारण तिथे थेंबाचे माप महत्त्वाचे आहे. कान धुताना मापापेक्षा सलग धार हवी असते, म्हणून तिथे पेच नसतो, कड्या असतात. वस्तू ओळखायची असेल तर आधी तोटी पाहावी, मग दट्ट्या कसा सरकतो ते पाहावे. एकूण आकार शेवटी पाहावा, कारण फसगत बहुधा आकारावरूनच होते.

दुसरी चूक आपल्याकडची आहे आणि ती मला जास्त खुपते. आयुर्वेदावरच्या प्रदर्शनांत आणि पुस्तिकांत बस्ती, म्हणजे गुदमार्गाने द्रव औषध, देण्याचे चित्र काढताना कित्येकदा वैद्याच्या हाती दट्ट्याची पिचकारी दिली जाते. प्राचीन बस्तियंत्रात दट्ट्या नव्हताच. जनावराचे मूत्राशय म्हणजे ‘बस्ती’, त्याला बांधलेली नळी म्हणजे ‘नेत्र’, आणि दाब हाताने पिशवी दाबून द्यायचा, असे ते यंत्र होते. उपचाराला बस्ती हे नाव त्या पिशवीवरूनच पडले. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात या यंत्राची मापे दिली आहेत, ती कोणत्याही आजच्या अभियंत्याने आदराने वाचावीत अशी आहेत. सहा, बारा आणि वीस वर्षांच्या रुग्णांसाठी नेत्राची लांबी अनुक्रमे ६, ८ आणि १२ अंगुळे सांगितली आहे, आणि आतले छिद्र अनुक्रमे मूग, वाटाणा आणि लहान बोर जाईल एवढे सांगितले आहे. नळी सरळ, गुळगुळीत आणि गाईच्या शेपटीसारखी निमुळती असावी, तिचे टोक गोळीसारखे गोल असावे. टोकाकडून चौथ्या भागावर एक कर्णिका, म्हणजे उभार कडे असावे आणि मुळाशी पिशवी बांधण्यासाठी आणखी दोन असावीत. प्रतिकृती घडवणारे ही कडी नक्षी समजून कुठेही बसवतात किंवा गाळूनच टाकतात. पुढचे कडे नळी किती आत जावी याची मर्यादा घालते आणि मागच्या दोन कड्यांमधल्या खाचेत दोरा घट्ट बसतो. ती काढली तर यंत्रच उरत नाही. उत्तरबस्तीचे, म्हणजे मूत्रमार्गातून द्यायच्या बस्तीचे, पुष्पनेत्र आणखी वेगळे आहे: सोन्याचे किंवा रुप्याचे, १२ अंगुळे लांब, दोन कर्णिकांचे आणि मोहरीएवढ्या छिद्राचे. गुदमार्गाच्या नेत्राचे चित्र छोटे करून ते पुष्पनेत्र म्हणून छापणे ही त्यामुळे सरळ चूक ठरते.

याच ग्रंथात दोषनिवारणाचा तक्ताही आहे आणि तो फारसा कुणी वापरत नाही, याचे वाईट वाटते. टाळावयाची आठ नेत्रे आणि त्यांतून उद्भवणारे आठ दोष क्रमाने दिले आहेत. आखूड नळीने द्रव पोहोचत नाही, लांब नळीने तो नको तितका पुढे जातो, फार बारीक नळीने क्षोभ होतो, जाड नळी घासत जाते, झिजलेल्या नळीने इजा होते, बांधणी सैल असेल तर गळते, बाजूला भोक असेल तर गुदाला पीडा होते आणि वाकड्या नळीतून धार वाकडी जाते. पिशवीचेही आठ दोष आहेत. वेडीवाकडी पिशवी धार असमान करते, मांस राहिलेली पिशवी दुर्गंधी धरते, फाटलेली गळते, जाड पिशवी हाताच्या पकडीत येत नाही, जाळीदार पिशवीतून द्रव झिरपतो, वायू भरलेलीत फेस होतो, तेलकट पिशवी हातातून निसटते आणि सादळलेली पिशवी धरवत नाही. प्रतिकृती चालेना, तर आधी या सोळा ओळींशी ती ताडून पाहावी. अष्टांगहृदय या वाग्भटाच्या आयुर्वेदग्रंथात पिशवीतला थोडा द्रव शेवटी मागे ठेवावा असे सांगितले आहे, कारण उरलेल्या भागात वायू असतो. वर्गात पारदर्शक पिशवी घेऊन हे दाखवले तर एका क्षणात पटते: शेवटची दाब दिली की नळीतून पाणी न येता बुडबुडे येतात.

तिसरी चूक दाबाची आहे. पिचकारी जितकी मोठी तितका तिचा जोर जास्त, हा समज इतका पक्का आहे की तो लेखांतूनही छापला जातो. दाब म्हणजे बळ भागिले क्षेत्रफळ. अंगठ्याने तेवढ्याच बळाने दाबले, तर १ सेंटिमीटर व्यासाच्या नळीत ३ सेंटिमीटर व्यासाच्या नळीच्या ९ पट दाब तयार होतो, कारण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने बदलते. जाडजूड पिचकारी पाणी पुष्कळ देते, पण हलक्या दाबाने देते. नाजूक भागात धोका संभवतो तो बारीक पिचकारीने. दोमिनिक आनेल या फ्रेंच शल्यवैद्याने १७१३ च्या सुमारास तुरिनमध्ये अश्रुमार्ग धुण्यासाठी अत्यंत बारीक तोटीची पिचकारी वापरली, तेव्हा त्याला हातावर किती ताबा ठेवावा लागला असेल याचा अंदाज या गणितावरून येतो. पुढे एकोणिसाव्या शतकात जर्मनीतल्या कील येथील शल्यवैद्य एस्मार्क यांच्या नावाने ओळखला जाणारा टांगता डबा रूढ झाला, त्यामागेही हाच विचार दिसतो. पाण्याच्या १ मीटर उंचीने सुमारे १० किलोपास्कल दाब मिळतो आणि डबा वर टांगला की कुणाच्याही अंगठ्याने तो वाढत नाही. एनिमाचा डबा आपल्याकडच्या घरांतही याच कारणाने टिकून राहिला असावा, असे मला वाटते.

आता गळतीविषयी. जुन्या पिचकारीत पाणी भरून दट्ट्या दाबला की पाणी मागच्या झाकणातून हातावर येते, आणि पाहणारा निष्कर्ष काढतो की त्या काळी नीट घडवता येत नव्हते. माझ्या हाती आलेल्या कानाच्या पिचकारीचे मागचे झाकण मी फिरवून उघडले, तेव्हा दांड्याच्या टोकाला दोन पितळी चकत्यांमध्ये धरलेला चामड्याचा वायसर दिसला. तो सुकून आक्रसला होता, त्याची कड काळी आणि कडक झाली होती आणि नळीच्या भिंतीपासून तो नखभर दूर उभा होता. नळी मात्र आतून आरशासारखी सरळ होती. सायकलच्या पंपाचा वायसर सुकला की हवा भरत नाही, तसाच हा प्रकार आहे. धातूच्या दोन भागांत पाणी अडवून धरण्याइतकी अचूक जुळणी हाताने घडवणे कठीण असल्यामुळे मधली फट नेहमी मऊ वस्तूने भरली जाई: चामडे, सूत, ताग, कापूस, वरून मेण किंवा चरबी. अल-जहरावी या कोर्डोबाच्या शल्यवैद्याने सुमारे हजार वर्षांपूर्वी कानात तेल सोडण्यासाठी वर रुंद आणि खाली अरुंद नळी सांगितली, आणि तेल पुढे ढकलण्यासाठी सळईला कापूस गुंडाळायला सांगितले. रंगपंचमीच्या पितळी पिचकारीच्या दट्ट्याला सूत गुंडाळणारा आपल्याकडचा कारागीर तेच तत्त्व वापरतो.

अशी गळती दुरुस्त करताना मूळ वस्तू आणि प्रतिकृती यांत फरक करावा. मूळ पिचकारीतला सुकलेला दट्ट्या कधीही जोराने ओढू नये, कारण चामडे तुटते आणि पितळेवर ओरखडे उठतात. त्यावर तेलही घालू नये, ते चामड्यात मुरते आणि धातूवर हिरवा थर धरते. प्रतिकृतीत मात्र नवे चामडे वाटीच्या आकारात बसवून, चरबीत किंवा एरंडेलात मुरवून, वाटीचे तोंड पाण्याकडे ठेवावे. तोंड उलटे झाले तर कितीही घट्ट बसवले तरी पाणी मागे येते, कारण दाबाने वाटीची कड भिंतीवर पसरण्याऐवजी आत मिटते. दट्ट्या अडकत असेल तर चामडे जाड आहे. धार तुटक येत असेल तर बहुधा आत हवा आहे, तेव्हा तोटी वर धरून आधी हवा काढावी.

काय कशासाठी होते हे ठरवताना घाई करू नये. ‘मेरी रोझ’ हे इंग्रजी जहाज १५४५ साली बुडाले आणि १९८२ साली वर काढण्यात आले. त्यावरच्या शल्यवैद्याच्या सामानात प्यूटरच्या, म्हणजे मुख्यतः कथलाच्या मिश्रधातूच्या, मूत्रमार्गाच्या पिचकाऱ्या होत्या. ‘क्वीन ॲन्स रिव्हेंज’ या १७१८ साली उत्तर कॅरोलायनाच्या किनाऱ्याजवळ रुतलेल्या जहाजावर अशीच पिचकारी मिळाली आणि तिच्यात पाऱ्याचे अंश आढळले. पारा त्या काळी उपदंशावर दिला जात असे. ती पिचकारी कुणी हौसेने चिंच लावून लखलखीत केली असती, तर हा पुरावा नाल्यात गेला असता. म्हणून जुनी पिचकारी घासू नये, आत पाणी घालू नये, आणि हाताळताना हातमोजे घालावेत, कारण आत विषारी अंश असू शकतात. हस्तिदंती तोटी तर भिजवूच नये, ती फुगते आणि तडकते. भारतात हस्तिदंताची खरेदी-विक्री कायद्याने बंद आहे, हेही संग्राहकांनी ध्यानात ठेवावे.

प्रात्यक्षिकासाठीसुद्धा जुनी पिचकारी कुणाच्या शरीरावर वापरू नये. कान धुणे दिसते तितके निरुपद्रवी नाही. पाणी शरीराच्या तापमानापेक्षा थंड किंवा गरम असेल तर रुग्णाला चक्कर येते. व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी कान धुताना हेच बारकाईने पाहिले, त्यातून आतल्या कानाच्या तोलाच्या यंत्रणेचा अभ्यास केला आणि त्यांना १९१४ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले.

रबराच्या पिचकाऱ्यांविषयी थोडक्यात. डच वैद्य रेनिए द ग्राफ यांनी १६६८ सालीच बस्तीच्या पिचकारीला लवचीक नळी जोडून रुग्णाला ती स्वतः घेता यावी अशी रचना मांडली होती, पण मऊ आणि टिकाऊ रबर मिळाल्यावरच ती घरोघरी पोहोचली. लिव्हरपूलच्या हिगिन्सन यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या पिचकारीत मधला फुगा दाबला की पाणी एकाच दिशेने जाते, कारण त्यात एकमार्गी झडपा आहेत. फुगा पाणी ओढत नसेल तर झडप उलटी बसलेली आहे का हे आधी पाहावे. जुने रबर ठिसूळ झाले असेल तर फुगा दाबून पाहण्याचा मोह टाळावा. एबोनाइटची, म्हणजे गंधकाने कडक केलेल्या रबराची, तोटी गरम पाण्यात धुतली की तिचा काळा रंग तपकिरी पडतो आणि तो परत येत नाही. अशी तोटी उजेडापासून दूर, थंड जागी ठेवावी आणि चांदीच्या पिचकारीच्या पेटीत ठेवू नये, कारण रबरातल्या गंधकाने चांदी काळी पडते.