गड्ड्याच्या यात्रेत लॉग वापरताना

सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत नंदीध्वजांची मिरवणूक दुपारच्या उन्हात शूट करायची म्हणजे पांढऱ्या बाराबंद्यांचा (बंदांच्या पारंपरिक अंगरख्यांचा) नुसता चुना होतो. घड्या दिसतच नाहीत. अशा वेळी कॅमेऱ्यातलं फ्लॅट प्रोफाइल (कमी कॉन्ट्रास्टची व्हिडिओ सेटिंग), म्हणजे लॉग, कामाला येतं. स्क्रीनवर चित्र फिकट, राखाडी दिसतं; घाबरू नका, उजेड-सावलीतला तपशील शाबूत असतो.

पण आधी कॅमेरा ८ बिट रेकॉर्ड करतो की १० बिट, ते बघा. ८ बिटमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६च पायऱ्या, १० बिटमध्ये १०२४. ८ बिटचं लॉग एडिटिंगला ताणलं की निळ्या आभाळात पट्टे उमटतात. त्यापेक्षा साधं न्यूट्रल प्रोफाइल घ्या, कॉन्ट्रास्ट थोडा उतरवा.

लॉगमध्ये एक्स्पोजर एखादा स्टॉप (म्हणजे दुप्पट उजेड) वर ठेवला तर सावलीत दाणे कमी येतात, फक्त झेब्रा (फार उजळ भागावर स्क्रीनवर रेघा दाखवणारी सोय) लावून बाराबंदी जळत नाही ना, हे तपासा. लॉगचा किमान आयएसओ (उजेडाला कॅमेऱ्याची संवेदनशीलता) बऱ्याचदा चढा असतो, म्हणून एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, उजेड कमी करणारी काच) खिशात हवाच. मी एकदा तो घरी विसरलो आणि एफ १६ इतक्या बारीक अ‍ॅपर्चरवर (लेन्सच्या छिद्रावर) सेन्सरवरचा प्रत्येक धुळीचा कण आभाळात मोजत बसलो!

संध्याकाळी शोभेच्या दारूला मात्र मी लॉग बंदच करतो.