दिवाळीला पाणी बंद, संक्रांतीला सुरू: ठाण्यातल्या फ्लॅटमधली अमरिलिस

अमरिलिस हे कंदातून उगवणारं, मोठ्या फुलांचं कुंडीतलं झाड. त्याला पुढच्या वर्षी फूल यायचं की नाही, हे या वर्षीचं फूल गळून पडल्यानंतर ठरतं. नेमकं तेव्हाच बहुतेक घरांत कुंडी नजरेआड होते. फूल होतं तोवर हॉलमध्ये मानाची जागा, फूल सुकलं की बाथरूमच्या खिडकीत. मग वर्षभराने मला विचारतात, "ताई, नुसती पानंच येतात, फूल का येत नाही?" मी त्यांना उलट विचारते, गेल्या वर्षी पानं किती आली होती? तेवढं कोणी मोजलेलं नसतं.

कंदाच्या आत काय चालतं ते आधी समजून घ्या, मग बाकीचं सगळं सोपं आहे. अमरिलिसचा कंद साधारण चार पानं तयार केली की एक कळी धरतो. ही कळी लगेच बाहेर येत नाही, आतल्या थरांत वाढत राहते आणि पुढच्या हंगामात कंदाच्या मानेतून, म्हणजे वरच्या निमुळत्या टोकातून, वर सरकते. म्हणजे आज दिसणारं फूल गेल्या वर्षीच्या पानांच्या कमाईवर आलेलं असतं. वर्षात आठ सशक्त पानं झाली, तर पुढे फुलांच्या दोन दांड्यांची आशा धरता येते. दोन-तीनच लुळी पानं आली, तर कंद कसाबसा स्वतःला जगवतो. मी घरी ब्लाऊज शिवते, त्यामुळे टेलरिंगचा खडू हाताशी असतोच. नवं पान दिसलं की मातीच्या कुंडीवर त्या खडूने एक रेघ ओढते. दिवाळीपर्यंत किती रेघा झाल्या यावरून पुढच्या फुलाचा अंदाज आधीच येतो.

कंद विकत घेताना टेप घेऊन जा. हॉलंडचे कंद घेरावर विकले जातात: २४/२६, २८/३०, मोठे ३४/३६ सेंटीमीटर. ऑनलाइन मागवताना हा आकडा लिहिलेला नसेल तर विचारून घ्या. मोठ्या फुलांच्या संकरित जातीत २० सेंटीमीटरपेक्षा कमी घेराचा कंद मी घेत नाही, कारण त्याला पहिली एक-दोन वर्षं नुसतं खाऊ घालावं लागतं. घोडबंदर रोडच्या नर्सरीत पिशवीत लावलेली केशरी फुलांची जात स्वस्तात मिळते. तिचे कंद लहान असतात, तरी ती भरवशाने फुलते. नवशिक्यांनी तिच्यापासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. 'रेड लायन', 'ॲपल ब्लॉसम' ही नावं ओळखीची आहेत, आणि हे दोन्ही कंद घरात चांगले टिकतात. 'डान्सिंग क्वीन'सारखी दुहेरी पाकळ्यांची फुलं देखणी खरी, पण जड असतात आणि दांडा हमखास कलतो. कंद हातात घेऊन दाबून बघा: घट्ट आणि वजनदार हवा. तळाशी मऊ लागला किंवा वास आला तर कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा.

एक गोष्ट इथेच सांगते, कारण ती नंतर राहून जाते. हा कंद टपोऱ्या कांद्यासारखा दिसतो आणि विषारी आहे. त्यात लायकोरीन नावाचं द्रव्य असतं, खाल्लं तर उलट्या-जुलाब होतात. कोरडे कंद स्वयंपाकघरात, कांद्या-बटाट्याच्या टोपलीजवळ कधीही ठेवू नका. घरात मांजर, कुत्रा किंवा रांगतं मूल असेल तर कुंडी उंचावर ठेवा. कंद कापल्यावर हात साबणाने धुवा.

कुंडी आणि माती

कुंडी लहान हवी. कंदाच्या चारी बाजूंना दोन-तीन बोटं जागा राहील एवढीच, पण खोल आणि जड. मातीची असेल तर उत्तम. मोठ्या कुंडीत माती ओली राहते आणि कंद कुजतो. आपल्याकडे मिळणारी लाल माती एकटी वापरली तर दोन महिन्यांत विटेसारखी घट्ट होते. मी दोन भाग लाल माती, दोन भाग जाड रेती किंवा विटांचा चुरा आणि एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत घेते, वर मूठभर निंबोळी पेंड. कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, मी घालत नाही. कोरड्या हवेच्या गावात ते उपयोगी पडत असेल, पण ठाण्यात जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट असते की कोकोपीट वाळत नाही.

कंद लावताना त्याचा वरचा तिसरा भाग ते अर्धा भाग मातीबाहेर राहू द्या. पांढरी जाड मुळं असतील तर ती कापू नका, पसरवून ठेवा. लावल्यावर एकदा पाणी द्या आणि कोंब दिसेपर्यंत जवळजवळ विसरा. पाणी नेहमी कुंडीच्या कडेने द्यायचं, कंदाच्या माथ्यावर कधीच नाही. पानं जिथून निघतात त्या खाचेत पाणी साचलं की कूज तिथूनच सुरू होते. लावल्यापासून साधारण सहा ते आठ आठवड्यांत फूल येतं.

कोंब फुलाचा की पानाचा, ही उत्सुकता प्रत्येकाला असते. पान चपटं निघतं. फुलाचा दांडा जाडसर, भाल्याच्या टोकासारखा वर येतो. आधी पानं आली तर त्या वर्षीचं फूल बहुधा गेलं असं समजा आणि निराश न होता पानांच्या मागे लागा. दांडा उजेडाकडे झुकतो, म्हणून दोन दिवसांनी कुंडी थोडी फिरवायची. जड फुलाला बांबूची काडी आणि सुती पट्टीचा सैल आधार द्यायचा. फूल उमललं की कुंडी उन्हातून काढून सावलीच्या थंड जागी ठेवा आणि पिवळे परागकोश चिमटीने काढून टाका. फूल जास्त टिकतं आणि पाकळ्यांवर पराग सांडत नाही.

होळी ते दिवाळी: पानांचे महिने

फूल सुकलं की फक्त फुलं आणि त्यांच्या मागचा फुगीर हिरवा भाग कापा, म्हणजे बी धरण्यात कंदाची ताकद जात नाही. हिरवा दांडा तसाच राहू द्या. तोही पानांसारखं अन्न तयार करतो. पिवळा पडून लोळला की मग काढा.

आता उजेड. रोज चार-पाच तास थेट ऊन मिळेल अशी खिडकी शोधा. आम्ही मानपाड्याला राहतो. आमच्या हॉलची खिडकी पश्चिमेला, येऊरच्या डोंगराकडे, आणि बेडरूमची पूर्वेला. एप्रिल-मे महिन्यांत पश्चिमेचं दुपारचं ऊन ग्रिलच्या लोखंडावरून असं तापून येतं की पानं करपतात. म्हणून तेव्हा कुंड्या पूर्वेच्या खिडकीत, सकाळच्या उन्हात. समोर टॉवर उभा असेल तर नुसती दिशा बघून चालत नाही, सावली किती वाजता येते ते एक दिवस घरी थांबून पाहा. पानं लांब, फिकट आणि लुळी पडू लागली की उजेड कमी पडतोय हे नक्की. आणि पानं पुसा! घोडबंदर रोडला मेट्रोच्या कामापासून धुळीचा थर रोज बसतो, आणि धुळीखालच्या पानाला ऊन पोचत नाही. ओल्या मऊ कापडाने, खाली हात धरून, आठवड्यातून एकदा.

खत पान वीतभर झाल्यावर सुरू करायचं. कृषी सेवा केंद्रात १९:१९:१९ मिळतं, म्हणजे नत्र, स्फुरद आणि पोटॅश सारख्या प्रमाणात असलेलं खत. ते लिटरभर पाण्यात १ ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीत. गणपतीनंतर पोटॅश जास्त असलेलं खत द्यायचं, त्याने कंद भरतो. नुसता युरिया देऊन पानं हिरवीगार करण्याचा मोह टाळा, त्याने पानं लुसलुशीत होतात आणि कंद पोकळ राहतो.

पावसाळा हा ठाण्यातल्या अमरिलिसचा सगळ्यात अवघड काळ, म्हणून त्यावर थोडं जास्त लिहिते. हॉलंड-इंग्लंडच्या पुस्तकांत उन्हाळ्यात कुंडी बागेत ठेवायला सांगतात. त्यांचे ते महिने म्हणजे आपला जून ते सप्टेंबर. आपल्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, तोही बहुतेक या चार महिन्यांत. त्यांचं ऐकून कुंडी उघड्या ग्रिलमध्ये ठेवली की कंद गेलाच. पहिल्या मोठ्या सरीच्या आधी कुंड्या ग्रिलमधून आत, काचेला लागून आणा. ग्रिलवर पत्रा असला तरी वाऱ्याने पाऊस आडवा येतो. खालची थाळी काढून टाका. बोट दोन पेरं मातीत घालून कोरडं लागलं तरच पाणी, मग त्याला दहा दिवस लागोत. सतत अंधारून आलेल्या आठवड्यात खत अजिबात नाही. दिवसातून थोडा वेळ पंख्याची हवा लागू दे.

याच काळात दोन शत्रू येतात. एक अळी: काळी, अंगावर पांढरे आणि लाल-केशरी ठिपके. लिलीच्या कुळातल्या आणि अमरिलिसच्या पानांवर ती झुंडीने पडते आणि बघता बघता पानं बुडख्यापर्यंत खाऊन टाकते. पहिल्या पावसानंतर रोज पानाची मागची बाजू बघा. अंड्यांचा पुंजका दिसला की तेवढा भाग पुसून टाका, अळ्या चिमट्याने वेचून साबणाच्या पाण्यात टाका. एका कुंडीत चार-पाच पानांचीच मिळकत असते, त्यामुळे इथे दोन दिवसांचा आळस म्हणजे पुढच्या वर्षीचं फूल गेलं.

दुसरी बुरशी. पानावर, दांड्यावर, कंदाच्या सालीवर लाल-तपकिरी रेघा आणि डाग पडतात, पान तिथे वाकतं. डागाळलेलं पान कापून केराच्या डब्यात टाका, कंपोस्टमध्ये नाही. पानांवर पाणी शिंपडणं बंद करा, कॉपर ऑक्सिक्लोराइड पाकिटावरच्या प्रमाणात फवारा. कात्री प्रत्येक कुंडीनंतर स्पिरिटने पुसा, कारण पानांवर पिवळट ठिपक्यांची नक्षी आणणारा विषाणू रसातून पसरतो आणि त्याला औषध नाही. तसा कंद मी टाकून देते. पानांच्या बेचक्यात पिठ्या ढेकूण (पांढरा, कापसासारखा दिसणारा किडा) दिसला तर कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावा.

ऑक्टोबरच्या उन्हात पानं पुन्हा तरतरीत होतात. हे तीन-चार आठवडे फार मोलाचे, कुंड्या परत ग्रिलमध्ये उन्हात ठेवा. शेवटचं खत कोजागिरीला.

दिवाळी ते संक्रांत: विश्रांती

या झाडाचं मूळ घर दक्षिण अमेरिका. तिथे बऱ्याच भागांत पाऊस आणि कोरडा काळ आलटून पालटून येतात, आणि कोरड्या काळात कंद झोपतो. पुस्तकांत १३ अंशांच्या आसपास आठ ते दहा आठवडे ठेवायला सांगतात. ठाण्यातल्या बंद खोलीत तेवढी थंडी कुठून आणणार? पण नुसता कोरडेपणाही ते काम करतो. दिवाळीची आवराआवर संपली की पाणी पूर्ण बंद करा, थेंबभरही नको. पानं पिवळी पडून आपोआप वाळू द्या, हिरवी असताना कापू नका, कारण वाळताना त्यातला रस कंदात परत जातो. मग कुंडी पलंगाखाली किंवा पॅसेजच्या कोपऱ्यात आडवी ठेवा. माळ्यावर नको, स्लॅबखाली फार तापतं. फ्रिजमध्येही नको. तिथे गारवा गरजेपेक्षा जास्त असतो, शिवाय सफरचंदासारख्या पिकणाऱ्या फळांतून निघणारा इथिलीन वायू आतली कळी मारतो.

काही पानं संक्रांतीपर्यंत हिरवी राहिली तर ती तेव्हा कापायला हरकत नाही. एका जातीला मात्र ही झोप देऊ नका: 'पॅपिलिओ', हिरवट पांढऱ्या पाकळ्यांवर तांबड्या रेघा असलेली. ती सदाहरित आहे, तिला थंडीत फक्त पाणी कमी करायचं.

नाताळात फूल हवं म्हणून बरेच जण विचारतात. त्यासाठी ऑगस्टअखेर पाणी तोडावं लागेल, आणि त्या दमट हवेत कुंडी वाळतच नाही. उलट पानांचे चांगले महिने हातचे जातात. नाताळासाठी नवा कंद आणा, घरच्या कंदाला संक्रांतीचाच मुहूर्त द्या.

संक्रांतीला कुंडी बाहेर काढून कंद दाबून बघा. घट्ट असेल तर वरची बोटभर माती खरवडून नवी माती आणि खत घाला, एकदा भरपूर पाणी द्या आणि उजेडात ठेवा. पूर्ण कुंडी दोन-तीन वर्षांनीच बदला, मुळं दाटलेली असली तर हे झाड खूश असतं. कंद मऊ लागला तर उपटून, कुजका भाग पांढरा निरोगी गर लागेपर्यंत कापा, बुरशीनाशक लावा, सावलीत दोन-तीन दिवस सुकवा आणि नुसत्या कोरड्या रेतीत लावा. मूळ फुटतं तो तळाचा चकतीसारखा भाग शाबूत असेल तर कंद वाचतो.

माती बदलताना कंदाला चिकटलेली पिल्लं दिसतील. सुपारीएवढी असताना ती ओढून काढू नका. आईच्या निम्म्याहून मोठी झाली आणि त्यांना स्वतःची मुळं आली की हाताने हलकेच सुटतात. ती चार इंची कुंडीत लावा आणि पहिली दोन-तीन वर्षं दिवाळीची विश्रांती देऊ नका. थंडीतही थोडं पाणी चालू ठेवून पानं वाढवत राहा, म्हणजे घेर लवकर भरतो. टेपवर २० सेंटीमीटर भरले की त्यांनाही मोठ्या कंदांच्या वेळापत्रकात घ्या.