द्राक्षावरचा डावणी रोग: दरवर्षी त्याच त्या चुका, यंदा तरी टाळा

ऑक्टोबर छाटणी होऊन पंधरा-वीस दिवस झाले की फोन सुरू होतात, पानावर पिवळे डाग दिसतायत, काय मारू? अहो आधी पान उलटं करून बघा. वरून तेल सांडल्यासारखा डाग आणि बरोबर त्याच्याच मागे पांढरी लव असेल तर डावणी, राखेसारखी पावडर असेल तर भुरी, तो वेगळा रोग. डावणीला आपण बुरशी म्हणतो पण ती खऱ्या बुरशीच्या कुळातली नाहीच, त्यामुळे भुरीचं औषध हेक्झाकोनॅझोल तिच्यावर चालत नाही. पैसे जातात आणि त्याहून वाईट म्हणजे चार दिवस जातात.

दुसरी चूक म्हणजे "पाऊस उघडू दे, मग मारू". ही मी स्वतः केलीय. 2009 चा नोव्हेंबर, फयान वादळाचा पाऊस, आमची निफाडकडची बाग दोडा अवस्थेत, म्हणजे फुलोऱ्याच्या आसपास. भाऊ म्हणत होता आजच मॅन्कोझेब (डावणीचं औषध) मारून घेऊ, मी म्हटलं कशाला, धुऊन जाईल. पाऊस थांबला तर ओळीत इतका चिखल की ट्रॅक्टर शिरेना. पानं हिरवीगार दिसत होती म्हणून मी निर्धास्त, आणि आठवड्याभरात घडाला हात लावला की पांढरी लव बोटाला लागायला लागली, मग तेच घड तपकिरी पडून वाळले. डावणीला पानावर काही तास पाणी मिळालं की ती आत शिरते, डाग नंतर दिसतो. तेव्हापासून अंदाजात पाऊस दिसला की मी आदल्या दिवशी फवारतो, मग पाऊस नाही आला तरी चालेल.

ब्लोअर, म्हणजे ट्रॅक्टरचा फवारणी पंप, जोरात पळवू नका. डावणी शिरते पानाच्या मागच्या बाजूने आणि औषध बसतं वरच्या बाजूला, मग औषध बोगस म्हणून दुकानदाराशी भांडण. मी प्रत्येक ओळीत उतरून दोन-चार पानं उलटी करून ओली झालीत का बघतो, वेळ लागतो, लागू दे.

फेल फुटी, म्हणजे घड नसलेल्या जादा फुटी, वेळेवर काढा, गर्दीत दव दहा वाजेपर्यंत सुकत नाही. मेटालॅक्झिल हे औषध पाठोपाठ मारू नका, डावणीला त्याची सवय होते. बोर्डो (मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण) कालचं आज वापरू नका, आणि लोखंडी पातं बुडवून तांबूस झालं तर चुना कमी पडलाय, कोवळी पानं जळतील.

नव्या पोरांना एकाच फवारणीत रिझल्ट पाहिजे, दुसऱ्या दिवशी डाग तसाच दिसला की लगेच दुसरं औषध. अरे, डाग पुसला जात नसतो! संध्याकाळी डागाची पानं तोडून ओल्या पेपरात गुंडाळून पिशवीत ठेवा, सकाळी मागे ताजी पांढरी लव आली तर डावणी जिवंत आहे, नाही आली तर पंपाला हात लावू नका.