एथिलीन कार्बोनेट वापरून फिनॉलपासून फिनॉक्सीएथॅनॉल: बुडबुड्यांवर भरवसा नको

फिनॉलवर हायड्रॉक्सीएथिल गट (–सीएच₂सीएच₂ओएच) बसवून फिनॉक्सीएथॅनॉल करायला एथिलीन ऑक्साइडसारखा विषारी, स्फोटक वायू हाताळायची गरज नाही. एथिलीन कार्बोनेटने तेच काम होते आणि कार्बन डायऑक्साइड तेवढा बाहेर पडतो.

०.१ मोलसाठी फिनॉल ९.४ ग्रॅम, एथिलीन कार्बोनेट ९.२५ ग्रॅम आणि उत्प्रेरक म्हणून पोटॅशियम कार्बोनेट ०.२८ ग्रॅम (२ मोल टक्के) घ्या. उत्प्रेरक १२० अंशांवर वाळवून बारीक कुटलेला हवा. द्रावक लागत नाही, फिनॉल आणि एथिलीन कार्बोनेट दोन्ही ४५ अंशांच्या आत वितळतात. फिनॉलने त्वचा भाजते, तेव्हा हातमोजे आणि फ्यूम हूड हवेतच.

५० मिलिलिटरच्या फ्लास्कला एअर कंडेन्सर लावा. गार पाण्याच्या कंडेन्सरमध्ये फिनॉल गोठून वाट बंद होऊ शकते. जवळपास अडीच लिटर वायू निघतो, त्यामुळे भांडे कधीही बंद ठेवू नका. ढवळत हळूहळू १५०–१६० अंशांपर्यंत न्या. घाई केली की फेस वर येतो. तापमान कमी पडले तर फिनॉक्साइड (फिनॉलचा ऋणभारित आयन) एथिलीन कार्बोनेटच्या कार्बोनिल (सी=ओ) कार्बनवर हल्ला करते, पण तो उलटतो आणि हाती काही लागत नाही. तापल्यावर हल्ला शेजारच्या सीएच₂वर होतो, वायू निघून जातो आणि परतीची वाट उरत नाही.

बुडबुडे मात्र फसवतात. ओलावा असला तर एथिलीन कार्बोनेटचे जलविघटन होऊन ग्लायकॉल बनते, आणि तेव्हाही तोच वायू निघतो. टीएलसीवर (पातळ थरावरील क्रोमॅटोग्राफी) फिनॉल संपले का ते पाहा. एथिलीन कार्बोनेट यूव्हीखाली (अतिनील प्रकाशात) दिसत नाही. त्यासाठी आयआरमध्ये (अवरक्त वर्णपटात) १८०० सेमी⁻¹च्या आसपासचा पट्टा तपासा.

ही तपासणी टाळू नका, कारण एथिलीन कार्बोनेट आणि फिनॉक्सीएथॅनॉल हे दोन्ही २४५ अंशांच्या आसपास उकळतात. ऊर्ध्वपातनाने ते वेगळे होणार नाहीत. म्हणून एथिलीन कार्बोनेट फिनॉलच्या मोलांपेक्षा ५ टक्क्यांहून अधिक जादा घेऊ नका. जादा कार्बोनेट उत्पादनाच्याच ओएचवर जाऊन साखळी लांबवते. थंड झाल्यावर टोल्यूइनमध्ये घेऊन ५ टक्के सोडियम हायड्रॉक्साइडबरोबर अर्धा तास ढवळा: उरलेले फिनॉल आणि कार्बोनेट दोन्ही पाण्यात जातात. इथे एथिल अॅसिटेट नको, अल्कली त्यालाच खाते. पुढे मिठाच्या पाण्याने धुणे, वाळवणे, निर्वात ऊर्ध्वपातन.

प्रोपिलीन कार्बोनेट घेतले तर दोन समघटकांचे मिश्रण मिळते. कमी गर्दीच्या कार्बनवर जोडलेला मुख्य असतो. रेणूत अॅलिफॅटिक अमाइन असेल तर ही पद्धत सोडा: ते कार्बोनिलवर जाऊन कार्बामेट बनवते, तेही बऱ्याचदा खोलीच्या तापमानालाच.