परदेशात पहिली खोली भाड्याने घेताना
परदेशातल्या मोठ्या शहरात पोचण्याआधीच वर्षभराची खोली पक्की करू नका. पहिले १० ते १५ दिवस विद्यापीठाच्या वसतिगृहात किंवा प्रवाशांसाठीच्या साध्या हॉस्टेलमध्ये काढा आणि खोली डोळ्यांनी पाहूनच अनामत रक्कम द्या. ‘मी सध्या परगावी आहे, पैसे पाठवा, किल्ली कुरिअरने येईल’ असं कोणी म्हणालं की तो व्यवहार तिथेच सोडा. नवख्या विद्यार्थ्यांना असंच फसवलं जातं.

खोली बघायला शक्यतो संध्याकाळी जा. शेजारचा आवाज, जिन्यातला उजेड, स्टेशनपासूनचा रस्ता कसा आहे ते तेव्हाच कळतं. नळ दोन मिनिटं सोडून गरम पाणी येतं का बघा. खिडकीच्या कोपऱ्यात आणि कपाटामागे बुरशीचे काळे ठिपके शोधा. एकाच कोपऱ्याला ताजा रंग दिसला तर खाली ओल असू शकते. वीज, पाणी, हीटिंग भाड्यात धरलंय का, हे करारातच लिहून घ्या. आणि त्या पत्त्यावर रहिवासी म्हणून तुमची सरकारी नोंदणी करता येईल ना, हे नक्की विचारा. काही देशांत बँक खातं आणि निवास परवाना त्यावाचून अडतो.

किल्ली मिळाली की बॅगा उघडण्याआधी खोलीचा व्हिडिओ काढा. भिंतीवरचे ओरखडे, गादीवरचे डाग, मीटरचे आकडे, सगळं जवळून घ्या आणि त्याच दिवशी घरमालकाला ईमेल करा. नुसता फोनमध्ये राहिलेला व्हिडिओ वर्षभराने सापडत नाही आणि जुन्या डागाचे पैसे तुमच्या अनामतीतून कापले जातात.